वाल्डेन्सियन दऱ्यांमध्ये सासरचं मूळ गाव शोधताना: तोरे पेल्लिचे, आंग्रोन्या, मासेल्लो

माझं माहेर पुण्याचं आणि सासर नॉर्थ कॅरोलायनातल्या वाल्डीज गावचं. १८९३ मध्ये इटलीच्या आल्प्समधून आलेल्या वाल्डेन्सियन कुटुंबांनी ते वसवलं, त्यातलंच एक नवऱ्याच्या पणजोबांचं. सासूबाईंच्या मनात कधीपासून होतं की एकदा ते वरचं मूळ गाव बघायचं, शेवटी यंदा जूनमध्ये सासूबाई, आम्ही दोघं आणि मुलं असं जमवलं. आपल्या लोकांपैकी फार कोणी तिकडे जात नाही, पण तोरिनोपर्यंत (म्हणजे ट्युरिन) जाणारे बरेच असतात आणि तिथून हे जेमतेम तासाभरावर आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

हे लोक कोण ते आधी थोडक्यात. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या लिओंमध्ये वाल्दो नावाच्या व्यापाऱ्याने पैसाअडका वाटून टाकला आणि लोकांच्या भाषेत बायबल सांगायला लागला, ११८४ मध्ये पोपने त्याच्या मंडळींना बहिष्कृत केलं, मग ती पांगली आणि काही या दऱ्यांमध्ये येऊन राहिली. १५३२ मध्ये आंग्रोन्यातल्या शानफोरानला सभा भरली आणि तिथे त्यांनी प्रोटेस्टंट सुधारणेची बाजू घ्यायचं ठरवलं. पुढे १६५५ ची कत्तल, १६८६ ची हद्दपारी, आणि १६८९ मध्ये आंरी आर्नो नावाच्या पाद्र्याच्या मागे नऊशेच्या आसपास माणसं जिनिव्हाच्या तळ्याकाठून आल्प्स ओलांडून परत आपल्या गावी. नागरी हक्क मिळाले थेट १७ फेब्रुवारी १८४८ ला. अजूनही आदल्या रात्री दऱ्यांमध्ये होळ्या पेटवतात, थंडी सोसत असेल तर तेव्हा जायला हरकत नाही.

आता कामाचं. निघण्याआधी घरातली जुनी कागदपत्रं, फॅमिली बायबलचं पहिलं पान, थडग्यांवरचे मजकूर, सगळ्याचे फोटो काढून घ्या, आणि त्यात मुख्य शोधायचं ते वाडीचं नाव. इथे गाव म्हणजे कोकणातल्यासारखं, डोंगरभर विखुरलेल्या वाड्या. त्यांना बोर्गाता म्हणतात. आणि आडनावं मोजकीच, त्रोन, पोन्स, ग्रिल, रोस्तान, एकेका गावात एकाच आडनावाचे चार-पाच झां (फ्रेंचमधला जॉन) सापडतात, त्यामुळे नुसतं 'मासेल्लोचा झां' एवढ्यावर तुम्ही कुठेही पोचत नाही. दुसरी भानगड म्हणजे भाषा. १६३० च्या प्लेगमध्ये इथले जवळजवळ सगळे पाद्री गेले, नवे आले ते जिनिव्हाकडून, फ्रेंच बोलणारे, म्हणून चर्चच्या जुन्या नोंदी फ्रेंचमध्ये आणि १८६६ पासूनची सरकारी नोंदणी इटालियनमध्ये. तोच माणूस आधी झां, मग जोव्हान्नी, आणि अमेरिकेत उतरल्यावर जॉन. तिन्ही नावांनी शोधा. १६८६ च्या आधीचं फारसं काही उरलेलं नाही, तिथवर पोचायची आशा धरू नका.

मुक्काम तोरे पेल्लिचेला करा. तोरिनोहून पिनेरोलोपर्यंत ट्रेन आहे, पुढची लाइन २०१२ पासून बंद, बस घ्यावी लागते. पण वरच्या दरीत जायचं असेल तर गाडी भाड्याने घ्याच आणि छोटीच घ्या, वरचे रस्ते अरुंद आहेत, समोरून दुधाचा टँकर आला की कोणीतरी रिव्हर्स घ्यायचा. तोरिनो शहराच्या मधल्या भागात गाडी न्यायला बंदी असते, कॅमेरे आहेत, दंडाची नोटीस घरी येते. राहायला वाल्डेन्सियन चर्चचं गेस्टहाऊस आहे, फोरेस्तेरिया, साधं आणि स्वच्छ. फक्त ऑगस्टचा शेवट टाळा, तेव्हा तिथे चर्चचं वार्षिक अधिवेशन असतं आणि खोली मिळत नाही.

गावात म्युझियम, लायब्ररी आणि अर्काइव्ह एकाच सांस्कृतिक केंद्रात आहेत. अर्काइव्हला काही आठवडे आधी ईमेल करा, नाव, अंदाजे साल, वाडी, सगळं लिहून, आयत्या वेळी दारात उभं राहू नका. आम्ही आधी कळवलेलं, त्यामुळे पोचलो तेव्हा रजिस्टर काढून ठेवलेलं होतं. तपकिरी शाई, तिरकं अक्षर, समासात नंबर, आणि पणजोबांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीखाली वडिलांची सही, वाकडीतिकडी पण सही, अंगठा नाही. त्याचं कारण दुसऱ्या दिवशी कळलं. चार्ल्स बेकविथ म्हणून वॉटर्लूत पाय गमावलेला एक इंग्रज अधिकारी होता, त्याने १९ व्या शतकात इथल्या वाड्यावाड्यांत इवल्याशा शाळा बांधून दिल्या. आंग्रोन्यात त्यातली एक म्युझियम करून ठेवलीय. एकच खोली, बाकं, शेगडी. मुलं बाकांवरून उठेचनात.

आंग्रोन्यातच गुएइझा द ला ताना ही गुहा आहे, छळाच्या काळात इथे लपून प्रार्थना व्हायची अशी परंपरा सांगतात. वाकून, जवळजवळ रांगत आत शिरावं लागतं, टॉर्च आणि जुने कपडे हवेत. सासूबाई बाहेरच बसल्या, आणि गुडघे दुखणाऱ्या कोणालाही मी तेच सांगेन.

बहुतेक लोक एवढं करून परत फिरतात. माझं स्पष्ट मत, वाल्डीजहून जाणाऱ्यांनी तरी तसं करू नये, कारण तिकडची पहिली माणसं बरीचशी जेर्मानास्का दरीतली. पेर्रेरोला रस्ता फुटतो, एक फाटा प्रालीकडे, एक मासेल्लोकडे. प्रालीचं जुनं देऊळ १५५६ चं (हो, ते लोक चर्चला देऊळच म्हणतात, तेंपियो), १६८९ मध्ये परत आलेल्यांनी पहिली उपासना तिथे केली. आता म्युझियम आहे. आत्ता वापरात असलेली देवळं बघाल तर आत मूर्ती नाही, चित्र नाही, मधोमध प्रवचनाचा ओटा आणि उघडं बायबल, बस.

मासेल्लोच्या वर रस्ता संपतो तिथे बाल्सिल्या. परत आलेल्यांपैकी काहीशे माणसं १६८९-९० चा हिवाळा त्या कड्यावर फ्रेंच सैन्याला तोंड देत राहिली आणि मे महिन्यात तोफा चालल्यावर रात्री धुक्यातून निसटली. खाली उभं राहून वर बघितलं की मुलांनासुद्धा समजावून सांगावं लागत नाही. आमची वाडी त्याच दरीत, शेवटचा पाऊण तास चढ पायी. घर म्हणजे दगडी भिंती, छप्पर आत पडलेलं, दाराच्या वरची लाकडी तुळई शाबूत. सासूबाईंनी त्या उंबऱ्यावर बसून डब्यातला पोळीभाजीचा रोल खाल्ला आणि म्हणाल्या, एवढ्याशा जमिनीवर खाणारी तोंडं किती असतील गं, जाणारच की लोक.

वरची छोटी म्युझियम्स रोज उघडी नसतात, तोरे पेल्लिचेहून आधी विचारून घ्या. पडक्या घरात शिरू नका, मालकी अजून कोणाची तरी असते. दुपारी दुकानं बंद, हॉटेलचं किचन अडीचनंतर थेट संध्याकाळी. शाकाहारी असाल तर पोलेंता (मक्याच्या पिठाची उकड) आणि चीजवर निभतं, सुपा बार्बेत्ता ब्रेडची दिसते पण रस्सा मांसाचा असतो, विचारूनच मागवा. मुस्तार्देला घेऊ नका, ते रक्ताचं सॉसेज आहे.

आणि घराण्यातली एखादी शाखा अमेरिकेत सापडतच नसेल तर दक्षिणेकडे बघा, १८५० च्या दशकाच्या अखेरीपासून बरेच जण उरुग्वेला गेले, तिथे कोलोनिया वाल्देन्से नावाचं गावच आहे. आमच्याही एका भावाचा माग तिकडे जातोय, सासूबाईंनी तिकिटांचे दर बघायला सुरुवात केलीय.