पत्र्याच्या पेटीतली पुस्तके

परभणी जिल्ह्यातल्या एका गावी मी पोहोचलो तेव्हा जुना वाडा पाडायला घेतला होता आणि ओसरीवर रद्दीवाल्याचा काटा लागला होता. घरच्या काकूंनी पत्र्याच्या पेटीकडे बोट दाखवले. “दादा, हे सगळं मामंजींचं उर्दू हाये. आमच्यात कुणालाच वाचता येत नाही, घेऊन जा.”

पेटीत शाळेची जुनी क्रमिक पुस्तके होती आणि जवळजवळ प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलीने, बारीक अक्षरात, अवघड शब्दांचे मराठी अर्थ लिहिलेले होते.

हैदराबाद संस्थानात १८८४ साली फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतूनच मिळू लागले. त्यामुळे १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी, म्हणजे संस्थान भारतात सामील होण्याआधी, शिकलेल्या इथल्या मराठी माणसाच्या घरी उर्दू पुस्तके असणे स्वाभाविकच होते. पुढच्या दोन पिढ्यांत ती लिपी घराबाहेर गेली. मोडीचेही तेच झाले. वाचणारा उरला नाही की पुस्तक किलोवर जाते, हे मी जुन्या पुस्तकांच्या या व्यवसायात पहिल्या दिवसापासून पाहत आलो आहे आणि अजूनही मला त्याची सवय झालेली नाही.

त्यात कागदाचीही साथ नसते. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात पूर्वापार बनत आलेल्या हातकागदासारख्या कागदावर काजळाच्या शाईने लिहिलेली पोथी, वाळवी आणि कसर यांपासून वाचली तर, शतकांनंतरही मऊ राहते. याउलट दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या टंचाईत छापलेल्या पुस्तकाचे पान दुमडले की कोपरा हातात येतो, कारण लाकडाच्या लगद्यातले आम्ल तो कागद आतूनच खात असते. अशी पुस्तके मी सुती कापडात बांधून ठेवतो. चिकटपट्टी कधीही लावत नाही.

हस्तलिखित मी विकत नाही, ते संस्थेकडे सोपवतो. छापील पुस्तके विकतो, कारण पुढची पेटी घ्यायला पैसे त्यातूनच उभे राहतात. मात्र सुरुवातीच्या काळात एका शिक्षकाचा संग्रह मी सुटा करून तीन गिऱ्हाइकांना विकला. एका पुस्तकातली टीप दुसऱ्या पुस्तकाकडे बोट दाखवत होती, हे माझ्या लक्षात आले तेव्हा त्यातली दोन पुस्तके परगावी गेली होती. ती परत मिळाली नाहीत, आणि ते दुःख अजून गेलेले नाही.

म्हणून काकूंची पेटी मी फोडलेली नाही. प्रत्येक पुस्तकाची नोंद वहीत केली आहे आणि सगळी एकत्र घेणारा अभ्यासक भेटेपर्यंत ती दुकानाच्या मागच्या खोलीत राहील. त्यातल्या भूगोलाच्या पुस्तकात एक नकाशा आहे. गोदावरीचे नाव उर्दूत छापलेले आहे आणि नदीच्या रेषेला लागूनच त्या शाळकरी मुलाने देवनागरीत, आपल्याकडे म्हणतात तसे, लिहिले आहे : गंगा.