चाव्या कुठल्या कुलपाच्या?

संध्याकाळी घरात पाऊल टाकले की थकवा उतरण्याऐवजी वाढायचा. टेबलावर बिले आणि न उघडलेली पाकिटे, खुर्चीच्या पाठीवर धुतलेले की वापरलेले हे सांगता न येणारे कपडे, कोपऱ्यात दुरुस्तीला न्यायचा म्हणून ठेवलेला आणि कधीच न नेलेला पंखा. जरा टेकावे म्हटले, तर नजर पडेल त्या वस्तूकडून एकेका राहिलेल्या कामाची आठवण होई. हा आपला आळशीपणा, असे मी कितीतरी दिवस स्वतःला बजावत होते.

पुढे डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचनात आला. त्यांनी नोकरदार दांपत्यांना आपापल्या घराचे वर्णन करायला सांगितले होते, आणि ज्या स्त्रियांच्या वर्णनात पसारा व अर्धवट कामे यांचे उल्लेख अधिक होते, त्यांच्यात तणावाशी निगडित असलेल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाची दिवसभरात होणारी स्वाभाविक घट कमी दिसली आणि दिवस उतरेल तशी खिन्नता वाढलेली आढळली. पसाऱ्यामुळेच हे घडते, असा त्याचा अर्थ नव्हे. मन खचलेले असले की आवरणेही होत नाही, हे मी अनुभवाने सांगू शकते. तरीही आपल्या अस्वस्थतेत केवळ आळस नाही, एवढे कळल्याने हातपाय हलले.

पहिला प्रयत्न मात्र पुरता फसला. उत्साहाच्या भरात मी एका सुट्टीच्या दिवशी अख्खे कपाट पलंगावर रिकामे केले; दुपारपर्यंत जुने फोटो आणि पत्रे चाळण्यात वेळ गेला आणि रात्री झोपायला जागा हवी म्हणून सगळे जसेच्या तसे परत कोंबले. त्याआधी नीटनेटके ठेवायला म्हणून डबे विकत आणले होते, त्यांची अडगळ वेगळीच.

दुसऱ्या वेळी फक्त एक खण घेतला आणि वीस मिनिटांचा गजर लावला. त्यातून निघालेले किडूकमिडूक अजून डोळ्यांसमोर आहे: जुन्या नंबरचा चष्मा, शाई सुकलेली सात पेने, केव्हाच बाद झालेल्या फोनचा चार्जर, आणि नऊ चाव्यांचा एक जुडगा. घरातल्या प्रत्येक कुलपाला त्या चाव्या लावून पाहिल्या. दोन लागल्या, सात कशालाच लागल्या नाहीत. तरीसुद्धा त्या टाकताना हात अडखळला, याची मला स्वतःलाच गंमत वाटली.

या अडखळण्याचे एक कारण मानसशास्त्राने दाखवले आहे. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली मांडलेल्या प्रयोगांत, ज्यांना कॉफीचा एक मग भेट दिला होता ते लोक तो विकण्यासाठी, घेणारे देऊ करत असलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट किंमत मागत होते. वस्तू आपली झाली की तिचे मोल आपल्या लेखी वाढते. म्हणून ‘टाकू का?’ हा प्रश्न मी सोडला आणि ‘ही आज माझ्याकडे नसती, तर मी मुद्दाम आणली असती का?’ असे विचारू लागले. उत्तरे भराभर येऊ लागली.

ज्यांचे उत्तर येईना, त्या वस्तू एका खोक्यात भरून वर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहिली. घरातल्या इतरांच्या वस्तूंना हात लावायचा नाही, हे पथ्य एकदाच मोडले आणि त्यावरून झालेला अबोला दोन दिवस टिकला. (वस्तू टाकण्याच्या कल्पनेनेच कुणी कासावीस होत असेल आणि घरात वावरणेही अवघड झाले असेल, तर ती गोष्ट वेगळी; अतिसंचयाची विकृती हे २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत स्वतंत्र निदान आहे आणि तेथे परस्पर घर रिकामे करण्यापेक्षा तज्ज्ञाची मदत घ्यावी.)

टेबल रिकामे व्हायला पाच आठवडे लागले. आता संध्याकाळी तेथे बसून वाचता येते. खोक्यावरची तारीख उलटून गेली तेव्हा आत काय होते, ते मला धड आठवेना. न उघडताच ते देऊन टाकावे असे वाटले, पण महत्त्वाचे कागद असतील म्हणून उघडले. एक विम्याचा कागद खरोखरच निघाला. पत्रांचा गठ्ठा अजून कपाटात तसाच आहे.