राळेचा लेप, नोंद ३: चिकटपणाचा चोर सापडला

मागच्या खेपेला राळेचा लेप दिलेला सर्किट बोर्ड कारखान्यातून परत आला तो दाढी वाढवून. मामांच्या यंत्रमागावर मी पिक (आडव्या धाग्याची एकेक फेक) मोजायचा काउंटर बसवलाय, त्यातलाच हा बोर्ड. क्रँक शाफ्टला चुंबक, समोर चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर, एक फेरा म्हणजे एक पिक. मोजणी चोख, पण तांब्याच्या बाजूला सुताची लव इतकी चिकटली होती की ट्रॅक दिसेनात. मामा म्हणाले, "गूळ लावलास का रं ह्याला?"

गूळ नव्हे, राळ. नव्या मंडळींसाठी सांगतो: फेरिक क्लोराइडमधून (नको असलेलं तांबं खाऊन ट्रॅक उरवणारं द्रावण) निघालेलं उघडं तांबं दोन-चार दिवसांत काळवंडतं, बोटांचे ठसे उमटतात आणि मग सोल्डरचं कथील पॅडवर (सुटे भाग जोडायच्या तांब्याच्या ठिपक्यावर) पसरतच नाही, गोळी होऊन बसतं. राळेचा पातळ थर दिला तर तांब्यापर्यंत हवा पोचत नाही. सोल्डर करताना तोच थर वितळून फ्लक्सचं, म्हणजे तांबं साफ करून कथील धरवायचं, काम करतो. राळेतलं आम्ल गरम झालं की ऑक्साइड खातं, गार झालं की गप्प बसतं. नळवाल्यांची झिंक क्लोराइडची पेस्ट मात्र गारसुद्धा तांबं खात राहते, ती बोर्डाजवळ नको.

पहिली चूक खरेदीतच झाली. मधल्या मारुतीजवळच्या पूजेच्या दुकानात "राळ द्या" म्हटलं. "धुपाला का, मालक?" "धुपाला नाही, तांब्याला." दुकानदारानं माझ्याकडं नीट बघून पुडी बांधून दिली. ती निघाली सालाच्या झाडाची. धुपाला उत्तम, पण अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळेना; तळाशी पांढरा गाळ तसाच. आपल्याला हवी चीडाची राळ, म्हणजे रोझिन. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मधाच्या रंगाचा खडा मिळतो, कापडात गुंडाळून हातोडी घातली की काचेसारखा फुटतो.

पण दाढीचा दोष रोझिनचा नव्हता, तो माझ्या काटकसरीचा होता. कोरोनातली सॅनिटायझरची बाटली घरात पडून होती. आयसोप्रोपिलच आहे की, म्हणून त्यातच रोझिन विरघळवलं. या रविवारी लेबल वाचलं: आयसोप्रोपिल ७५ टक्के, ग्लिसरॉल १.४५ टक्के. हात कोरडे पडू नयेत म्हणून घातलेलं हे ग्लिसरीन उडून जात नाही, थरातच राहतं. म्हणजे मी बोर्डाला माश्या धरायचा कागद करून मामांकडं पाठवला होता! वर त्यातल्या पाण्यानं थर दुधाळही झाला होता. तो मला तेव्हा "मॅट फिनिश" वाटला.

आता ९९ टक्केवालं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणलं. १० ग्रॅम रोझिनची पूड, ५० मिली आयपीए, झाकणाच्या काचेच्या बरणीत रात्रभर. सकाळी जुन्या धोतराच्या दुहेरी घडीतून गाळलं. रंग फिक्या चहासारखा. (खिडकी उघडी, गॅस बंद. हे भडकायला वेळ लागत नाही.)

बोर्ड बारीक पॉलिश पेपरनं घासला, आयपीएनं पुसला आणि कडेला धरूनच लेप दिला. दाट एक हात देण्यापेक्षा पातळ दोन बरे. जाड थर वरून सुकतो, आत अल्कोहोल अडकतं आणि दुपारी पत्र्याखाली पुन्हा चिकचिकतो. पहिल्या हातानंतर अर्धा तास, दुसऱ्यानंतर रात्रभर.

पारख बोटानं करू नका, ठसा राहतो. मी मागाखालची चिमूटभर लव आणून बोर्डावर ठेवली आणि फुंकर मारली. जुन्या बोर्डावर ती तशीच बसून राहिली. नव्यावरून उडाली, एकच धागा राहिला. तो कोपऱ्यात, जिथं ब्रशचा थेंब साचला होता.

सोल्डर करून पाहिलं. ६०/४० ची (कथील ६०, शिसं ४० टक्के) सोल्डरची तार टेकवताच कथील पॅडभर पळालं. धूर मात्र जास्त येतो आणि राळेचा धूर दम्याला वाईट, म्हणून शेजारी छोटा पंखा लावलाय. पॅडच्या कडेला जरा हिरवट झाक दिसली तर घाबरू नका, तांबं आणि राळ मिळून होते ती. सोल्डर झाल्यावर आयपीएनं पुसून पुन्हा एक पातळ हात दिला.

बोर्ड काल मागावर चढवला. पंधरा दिवसांनी उतरवून फोटो टाकतो. मामांनी तोवर काउंटरला प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली नाही म्हणजे झालं.