पावसाची नक्षत्रं, डिसेंबरच्या थंडीत

नागपूरहून जबलपूर रस्त्याला लागलं की मनसरपर्यंत ढाब्यांचे आणि पेट्रोलपंपांचे दिवे पाठ सोडत नाहीत. पवनीहून सिल्लारीकडे वळलो आणि उजेड उरला तो फक्त आमच्या गाडीचा. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचं अंधारं आकाश राखलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले दिवे बदलले. आता त्यांचा उजेड जमिनीवरच पडतो, आभाळात जात नाही.

तारीख १३ डिसेंबर २०२५, मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाची, म्हणजे जेमिनिड्सची रात्र. मुक्काम गावातल्या एका घरी. तलावाकाठी बसायचा बेत घरच्या काकूंनी एका वाक्यात निकालात काढला. “रात्री पाण्यावर वाघ येते जी.” मग गच्चीवर सतरंज्या टाकल्या आणि गोधड्या घेऊन आडवे झालो.

नऊच्या सुमारास पूर्वेला मृग चांगला वर आला होता. काकूंनी बोट दाखवलं, “ते पाहा तिकांडं, मिरगाचं.” म्हणजे एका रेषेतले ते तीन तारे. मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही नावं आपल्याला पेरणीची म्हणून पाठ असतात. पण जून-जुलैमध्ये सूर्यच त्या नक्षत्रांत असतो, त्यामुळे ती दिवसा उगवतात नि दिवसाच मावळतात. मिरगाच्या पावसात मृग कधीच दिसत नाही. पावसाची सगळी पलटण बघायची तर अशी डिसेंबरातच. त्यात यंदा मिथुन राशीतल्याच पुनर्वसूच्या जोडताऱ्यांशेजारी गुरू ठाण मांडून होता, त्यामुळे उल्का कुठून येणार हे कुणाला शिकवावं लागलं नाही.

पहिल्या तासात तुरळक उल्का. अकरानंतर मात्र दर दोन-चार मिनिटांनी कुणीतरी “अरे, ती बघ!” म्हणून ओरडायचं आणि बाकीच्यांची मान वळेपर्यंत ती गेलेली असायची. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे असतात, हा मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा. तो १९८३ मध्ये सापडला. सूर्याजवळ जाताना तो बुधाच्याही आत शिरतो. त्याचे कण सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने वातावरणात येतात. इतर उल्कांच्या मानाने हा वेग कमीच, म्हणून यांची रेघ सावकाश, डोळ्यांत भरेल अशी उमटते. दीड-दोनच्या सुमारास वद्य पक्षातला चंद्र उगवला आणि बारीक उल्का त्याच्या उजेडात हरवल्या. जाड्याजुड्या तेवढ्या दिसत राहिल्या.

इंटरनेटवरच्या याद्या ऑगस्टच्या पर्सिड्स उल्कावर्षावाचं फार कौतुक करतात. ते कौतुक युरोपातल्या उन्हाळ्याचं. २०२६ च्या १२ ऑगस्टला तर नेमकी अमावास्या आहे, त्याच दिवशी स्पेनमधून खग्रास सूर्यग्रहणही दिसेल, आणि आपण ढगांखाली छत्री धरून उभे असू. आपलं आकाशाचं वर्ष दिवाळीच्या आसपास सुरू होतं नि मेअखेर संपतं. ऑक्टोबरात हॅलेच्या धूमकेतूच्या धुळीच्या उल्का, नोव्हेंबरात सिंह राशीतल्या, मग ही डिसेंबरची मोठी रात्र. (कोजागरी मसाला दुधासाठी झकास, ताऱ्यांसाठी अगदी निरुपयोगी.) ३ मार्च २०२६ ला, होळीच्या पौर्णिमेला, ग्रस्तोदित चंद्रग्रहण आहे. विदर्भात चंद्र ग्रासलेलाच उगवेल आणि पावणेसातच्या सुमारास मोकळा होईल. पूर्वेचं क्षितिज उघडं मिळालं तरच ते बघण्यात अर्थ.

माझा खरा डोळा मात्र मे महिन्यावर आहे. हिवाळ्यातली आकाशगंगा फिकी. तिचा दाट गाभा वृश्चिक नि धनू राशींच्या बाजूला आहे, आणि मेच्या अमावास्येला तो मध्यरात्री आग्नेयेला चांगला वर आलेला असतो. सकाळी चहा पिताना काकूंना म्हटलं, मेमध्ये येऊ का? पेंचमधला मे म्हणजे काय ते त्यांना माहीत. “या ना जी, कूलर आहे. पण लाइटचा काही भरवसा नाही.”