देगलूरकडचा हिरवा गोटा

आमच्या भूगर्भशास्त्र विभागात लोक दगड घेऊन येतात ते हिरा किंवा उल्का निघेल या आशेने. त्या दिवशी आलेल्या मामांना मात्र फक्त नाव हवं होतं. "देगलूरकडल्या इहिरीत निघालाय सर, ह्याला काय म्हणतेत?"

गंजकट तपकिरी गोट्यावर हिरवे, षटकोनी, पोटाशी फुगीर स्फटिक. सहकाऱ्याने खुर्चीतूनच सांगितलं, "ॲपोफिलाइट." दगड हातात न घेता नाव सांगायची ही खोड मला सहन होत नाही. ॲपोफिलाइट हे बेसाल्टात सापडणारं हलकं खनिज; त्याचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या किती पट जड, जेमतेम २.३-२.४. हा गोटा उचलताच मनगट खाली गेलं.

सुटा झालेला एक स्फटिक दोऱ्याने पाण्यात टांगून वजन केलं. गुरुत्व ७ च्या आसपास. चमक राळेसारखी, चाकूने सहज ओरखडा. मग फुंकनळी काढली, ज्योत फुंकून दगडाच्या कणावर वळवायची नळी. आता ती फारशी कोणी वापरत नाही, आणि हे मला फार खटकतं. कोळशावर कण वितळून मणी झाला आणि निवताना त्याच्यावर पैलू उमटले! हे डोळ्यांनी बघावं लागतं. सोडा घालून पुन्हा तापवलं, तर मऊ शिशाचा थेंब सुटला आणि कोळशावर पिवळा थर बसला. आर्सेनिकचा लसणासारखा वास नाही, म्हणजे तसंच दिसणारं, आर्सेनिकवालं मिमेटाइट नव्हे. नायट्रिक आम्लात विरघळवून अमोनियम मॉलिब्डेट घातल्यावर पिवळा साका आला: फॉस्फेट. पायरोमॉर्फाइट, Pb₅(PO₄)₃Cl.

हे खनिज शिशाच्या धातुकाच्या वरच्या, हवापाण्याने कुजलेल्या पट्ट्यात गॅलेनापासून, म्हणजे शिसं-गंधकाच्या खनिजापासून, बनतं. ऑस्ट्रेलियातलं ब्रोकन हिल, जर्मनीतलं बाड एम्स, चीनमधली दाओपिंग खाण ही त्याची नावाजलेली ठिकाणं. आपल्या बेसाल्टात शिशाच्या शिरा नाहीत. मामांनी जालन्याचं नाव घेतलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता; खनिजांच्या व्यापारात चिनी नमुने हातोहात फिरतात. पण देगलूर-बिलोलीकडे बेसाल्टखालचा ग्रॅनाइट उघडा पडलाय. तिथे क्वार्ट्झच्या शिरेत थोडं गॅलेना असणं अशक्य म्हणता येत नाही.

म्हणून विहिरीचा पत्ता विचारला, तपासायला पाणीही मागितलं. पायरोमॉर्फाइट पाण्यात जवळपास विरघळत नाही; शिशाने दूषित मातीत फॉस्फेट मिसळतात ते हेच खनिज बनून शिसं अडकून पडावं म्हणून. माझी काळजी आहे ती अजून न कुजलेल्या गॅलेनाची; ते कुजताना शिसं पाण्यात उतरू शकतं. मामा एकदम गप्प झाले. "इहीर बंद केली तर रान वाळंल," म्हणाले आणि गोटा पिशवीत टाकून निघाले. त्यांची भीती खोटी नाही. विहीर बंद करायचा कागद आधी आणि पर्यायी पाणी कधीतरी, असंच आपल्याकडे चालतं.

त्यांच्या गावाकडचा एक विद्यार्थी आमच्याकडे आहे. विहिरीचं नाव कुठे लिहिणार नाही, पाण्याचा निकाल आधी मामांच्याच हातात देईन, असा निरोप त्याच्याकडून धाडलाय. त्यांनी होकार दिला की आधी पाण्याची बाटली भरायची, मग उपशाच्या ढिगात गॅलेनाचे चकाकते चौकोनी तुकडे शोधायचे.