कौलातली काच आणि नाचण

1996 च्या विज्ञान प्रदर्शनात माझी चोरघंटा ज्यांनी पाहिली असेल, त्यांना ती वाजली नाही एवढंच आठवत असेल. नववीत होतो. एका बाजूला बॅटरीचा बल्ब, समोर एलडीआर, म्हणजे उजेड ओळखणारा सेन्सर, मध्ये दारासारखी चौकट. चौकटीतून कोणी गेलं की उजेड अडणार आणि घंटा वाजणार. सकाळभर ती इतकी वाजली की शेजारच्या ज्वालामुखीवाल्यांनी तक्रार केली. दुपारी प्रमुख पाहुणे आले, चौकटीतून गेले, पुन्हा मागे येऊन गेले. घंटा ढिम्म. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, ती जास्त लागली.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या सरांनी मला प्रयोगशाळेत नेलं. वाटलं, आता सर्किट उसकटणार. सरांनी सर्किटला हात लावला नाही. टेबलाशी बसले आणि म्हणाले, "दर दहा मिनिटांनी हात घाल." मी हात घालायचो, घंटा वाजायची. कौलात बसवलेल्या काचेतून उन्हाचा एक चौकोन टेबलावर पडला होता. सर त्याच्याभोवती खडूने रेघ मारून शेजारी वेळ लिहायचे. खडूचे चौकोन सरकत सरकत एलडीआरवर पोचले आणि घंटा गप्प झाली. ऊनच इतकं होतं की बल्ब अडला काय, न अडला काय, एलडीआरला सारखंच. सरांनी काळ्या स्केचपेनची नळी बोटभर कापून एलडीआरवर बसवली. त्याला समोरचा बल्ब तेवढा दिसू लागला.

पुढे मी नोकरीला पुण्यात गेलो आणि खरं सांगायचं तर ती नळी विसरलो.

2020 च्या टाळेबंदीत दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी अडकलो होतो. आईने परसात रातांब्याखाली पाण्याची परळ ठेवली होती. एप्रिलच्या उन्हात तिथे जत्रा भरायची: बुलबुल, दयाळ, शिंजीर आणि नाचण. नाचण ज्यांनी पाहिला आहे त्यांना माझं दुःख कळेल. एका जागी दोन सेकंद बसेल तर शपथ. शेपटीचा पंखा उघडतो, गिरकी घेतो, तोवर आपलं बोट बटणावर पोचलेलं नसतं. म्हटलं, बटण त्यालाच दाबू द्यावं.

दुकानं बंद, त्यामुळे सगळं घरातलंच. मुलीच्या किटमधला आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारा छोटा सर्किट बोर्ड, आणि पीआयआर सेन्सर. पीआयआर म्हणजे आपोआप लागणाऱ्या दिव्यात असतो तो, हलत्या उष्णतेवर चालणारा. आमच्या परसात तो साफ नापास झाला. भर दुपारी तापलेली पानं हलली तरी तो जागा व्हायचा आणि पिसांत गुरफटलेला एवढासा पक्षी आला की झोपायचा. एका दिवसात 217 फोटो निघाले. त्यांतल्या चौदांत पक्षी होता, तीनांत आई.

मग चोरघंटाच पुन्हा बांधली. लेझर वापरायचा नाही हे आधीच ठरवलं. पक्ष्याच्या डोळ्यात गेला तर काय घ्या. टीव्हीच्या रिमोटमधला इन्फ्रारेड एलईडी काढला. तो डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाइलचा कॅमेरा धरला की जांभळट पेटलेला दिसतो. समोर बिघडलेल्या सेटटॉप बॉक्सचा तीन पायांचा रिसीव्हर. तो सेकंदाला 38 हजार वेळा लुकलुकणारा उजेडच ओळखतो. पण तसा उजेड अखंड दिला तर त्याला गोंगाट समजून दुर्लक्ष करतो, म्हणून तुकड्या-तुकड्यांनी द्यावा लागतो. हे कळायला मला तीन दिवस लागले. कॅमेरा आणि सर्किट यांच्यामध्ये मोबाइलच्या मेलेल्या चार्जरमधला ऑप्टोकपलर टाकला. तो तारेऐवजी उजेडाने निरोप पोचवतो, म्हणजे बॅटरीचा करंट कॅमेऱ्यात शिरत नाही. कॅमेऱ्याला जोडायची 2.5 मिमीची पिन जुन्या हँड्सफ्रीची.

माझ्या जुन्या कॅमेऱ्यात आरसा वर उचलून शटर उघडेपर्यंत सेकंदाचा सुमारे दहावा भाग जातो. सेकंदाला पाच मीटर वेगाने येणारा पक्षी तेवढ्यात अर्धा मीटर पुढे सरकतो. म्हणून परळीपासून चार हातांवर एक वाळकी काठी रोवली. पक्षी आधी काठीवर बसतो आणि मग ठरल्या वाटेने खाली येतो. किरण त्या वाटेत आडवा लावला आणि फोकस हाताने त्याच्या अर्धा मीटर पुढे. फ्लॅश अगदी मंद ठेवला, कारण त्याची ताकद जितकी कमी तितकी चमक आखूड, आणि पंख तितके स्वच्छ गोठतात. घरट्याजवळ मात्र हा प्रकार मी कधी लावला नाही आणि कोणी लावूही नये.

दोन दिवस झकास चालला. तिसऱ्या दिवशी दुपारी चारनंतर कॅमेरा आपोआप खटाखट सुटला. वारा नाही, पक्षी नाही. आर्डुइनोचा प्रोग्रॅम तीनदा तपासला, सगळ्या तारा बदलल्या. चौथ्या दिवशी स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन बसलो असताना फणसाच्या फटीतून आलेला उन्हाचा कवडसा शेणाने सारवलेल्या जमिनीवरून रिसीव्हरकडे सरकताना दिसला. मी उठलो आणि मुलीचा खडू आणला.

शाळेत ऊन आलं की घंटा वाजत नव्हती. इथे ऊन आलं की रिसीव्हरचे डोळे दिपायचे, समोरचा किरण त्याला दिसेनासा व्हायचा, आणि कोणीतरी आडवं गेलं असं समजून तो फोटो काढत सुटायचा. रोग उलटा, औषध तेच. काळ्या स्केचपेनची नळी, शिवाय रिसीव्हरची पाठ पश्चिमेकडे.

नाचण मिळाला मे महिन्यात. शेपटी पूर्ण उघडलेली, एक पाय पाण्याला टेकलेला. 3 जूनच्या निसर्ग वादळात तो फणस आणि रातांबा दोन्ही आडवे झाले, परळ फुटली. फोटो तेवढा राहिला.

गेल्या दिवाळीत तो मोठा करून सरांच्या घरी घेऊन गेलो. सरांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिला. मला वाटलं, नाचणाबद्दल काहीतरी बोलतील.

"ऊन डावीकडून आहे," सर म्हणाले. "साडेचार वाजले असतील. नळी लावली होतीस ना?"