नाही म्हणायचं बटण शोधताना

युरोपात कुठलीही वेबसाइट उघडा, मजकुराच्या आधी एक चौकट आडवी येते. ती ‘कुकी’ची, म्हणजे साइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदीची, परवानगी मागत असते. ‘आम्ही आणि आमचे भागीदार तुमच्या उपकरणावर माहिती साठवतो’ अशी सुरुवात, खाली ठळक रंगात ‘सगळं मान्य’ आणि बाजूला फिकट करड्या अक्षरांत ‘सेटिंग्ज’. माणसाला बातमी वाचायची असते, बसची वेळ बघायची असते. तो ठळक बटण दाबतो आणि पुढे जातो. चौकट तशी मांडलेली असते ती त्यासाठीच.

मी त्यात खोलवर शिरले ते आईच्या आजारपणामुळे. ती साताऱ्यात, मी जर्मनीत न्यूरेंबर्गला. पार्किन्सनचं निदान झाल्यावर मी रात्ररात्र वाचत बसायचे: औषधांचे परिणाम, तोल जाणं, गिळायला होणारा त्रास. थोड्याच दिवसांत हवामानाच्या साइटवर, पाककृतींच्या साइटवर वॉकरच्या आणि मोठ्या माणसांच्या डायपरच्या जाहिराती दिसायला लागल्या. जे आम्ही अजून मावशीलाही सांगितलं नव्हतं, ते कुणाला तरी कळलं होतं. मला त्याचा संताप आला आणि अजूनही येतो.

कुकी ही गोष्ट मुळात वाईट नाही. 1994 मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी ती काढली, ती साइटला आपला पाहुणा लक्षात राहावा म्हणून. लॉगिन टिकतं, खरेदीची यादी टिकते, ते तिच्यामुळेच. अशा अत्यावश्यक कुकीला युरोपात परवानगीही लागत नाही. दुखणं आहे ते तिऱ्हाइतांच्या कुकीचं. पान एका साइटचं, पण त्यात जाहिरात कंपनीचा तुकडा बसवलेला. तोच तुकडा दुसऱ्या, तिसऱ्या साइटवरही असतो. त्यामुळे मी कुठून कुठे गेले याचा माग त्या कंपनीला लागतो.

एका आरोग्यविषयक साइटची चौकट मी शांतपणे शेवटपर्यंत वाचली. ‘सेटिंग्ज’ उघडल्यावर माहिती कशासाठी वापरणार त्या हेतूंची यादी आली आणि तिथली सगळी बटणं बंद होती. बरं वाटलं. पण प्रत्येक हेतूच्या पोटात आणखी एक बटण होतं, ‘कायदेशीर हितसंबंध’ या नावाचं, आणि ते चालू होतं. म्हणजे संमती दिली नाही तरी या दुसऱ्या वाटेने माहिती घ्यायची सोय! पुढे ‘भागीदार’ नावाचा भाग. त्यात शेकडो कंपन्या, एकीचंही नाव मी कधी ऐकलेलं नाही. नावावर टिचकी मारली की तिची कुकी किती काळ राहणार ते दिसतं. कुणाची वर्षभर, कुणाची त्याहून जास्त. तळाशी ‘निवड जतन करा’ होतं, आणि त्याच्याच शेजारी, त्याहून मोठं, पुन्हा ‘सगळं मान्य’.

ही मांडणी कायद्याला धरून नाही, हे मला नंतर वाचताना कळलं. युरोपचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, जीडीपीआर, 25 मे 2018 पासून लागू आहे आणि दिलेली संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे, असं त्यात लिहिलेलं आहे. आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निकाल युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर 2019 मध्ये दिला, तोही जर्मनीतल्याच एका ऑनलाइन सोडतीच्या प्रकरणात. जानेवारी 2022 मध्ये फ्रान्सच्या नियामकाने गूगलला 15 कोटी आणि फेसबुकला 6 कोटी युरो दंड जाहीर केला. कारण एवढंच, की होकाराला एक टिचकी पुरत होती आणि नकाराला अनेक लागत होत्या. हे वाचून मला बळ आलं. मी उगीच किरकिर करत नव्हते.

आता माझी रीत ठरली आहे. फायरफॉक्स वापरते, माग काढण्यापासूनचं संरक्षण ‘स्ट्रिक्ट’वर ठेवते. एका साइटवर बसलेली तिऱ्हाइताची कुकी दुसऱ्या साइटवर वाचता येऊ नये, अशी सोय त्यात 2022 पासून आपोआप असते. जोडीला जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन. चौकटींना परस्पर नकार देणारं ‘कन्सेंट-ओ-मॅटिक’ नावाचं एक्स्टेन्शनही आहे, डेन्मार्कच्या आऱ्हुस विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेलं. ब्राउझर बंद करताना सगळ्या कुकी पुसल्या जातात, अपवाद फक्त बँक आणि मेल. ब्राउझरच्या खासगी खिडकीवर, इनकॉग्निटोवर, मात्र मी विसंबत नाही. त्यात इतिहास आपल्या यंत्रावर राहत नाही एवढंच, समोरच्या साइटला आपण दिसतोच. काही जर्मन वृत्तपत्रं तर थेट विचारतात: माग काढू द्या, नाहीतर महिन्याचे पैसे भरा. त्यातल्या एकाचे मी पैसे भरते. बाकीची वाचत नाही.

पण आधीच गेलेल्या माहितीचं काय? जीडीपीआरच्या कलम 15 खाली कुठल्याही कंपनीला विचारता येतं, की माझ्याबद्दल तुमच्याकडे काय आहे आणि ते कुणाला दिलंत. त्या आरोग्याच्या साइटला मी तसं पत्र लिहिलं. एक गोष्ट नीट सांगते: कुकी पुसायच्या आधी हे करा. फायरफॉक्समध्ये एफ12 दाबलं की ‘स्टोरेज’मध्ये त्या साइटच्या नावाखाली अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ दिसते. तीच तुमची त्यांच्याकडची ओळख. ती पुसली, तर त्यांच्या नोंदीतली व्यक्ती तुम्हीच, हे दाखवायला काही उरत नाही. मी ती ओळ पत्रात चिकटवली.

उत्तर आलं ते पासपोर्टची प्रत मागणारं. माझी काय माहिती आहे म्हणून विचारावं, तर आणखी माहिती द्या! ओळखीबद्दल वाजवी शंका असेल तरच जादा पुरावा मागता येतो. मी तसं कळवलं, कुकीची ओळ पुन्हा दिली आणि उत्तराला कायद्याने एक महिन्याची मुदत आहे याची आठवण करून दिली. मग एक तक्ता आला. वयाचा अंदाज, उत्पन्नाचा अंदाज आणि आवडीनिवडींच्या रकान्यात ‘वृद्धांची काळजी’, ‘मज्जासंस्थेचे आजार’. माझ्या आईचं दुखणं माझी आवड म्हणून नोंदवलेलं होतं. मी कलम 17 खाली ते सगळं पुसायला सांगितलं, कलम 21 खाली जाहिरातींसाठीच्या वापराला हरकत घेतली आणि पुसल्याचं लेखी मागून घेतलं. ते मिळालं. ज्या भागीदारांकडे ती माहिती गेली, त्यांना एकेक पत्र लिहिणं अजून चालू आहे.

सुट्टीत साताऱ्याला गेले तेव्हा बाबांचा फोन घेऊन बसले. “नाही दाबलं तर पेपर बंद होईल का गं?” हा त्यांचा पहिला प्रश्न. त्यांच्या बऱ्याच साइट्सवर ‘नाही’ नव्हतंच, नुसतं ‘ओके’ होतं. म्हणून क्रोमच्या सेटिंगमध्ये तिऱ्हाइतांच्या कुकी बंद केल्या आणि अँड्रॉइडच्या जाहिरात-सेटिंगमध्ये जाऊन जाहिरात आयडी काढून टाकला. अ‍ॅपमधून माग काढायला हा आयडीच वापरतात, त्यामुळे फोनवर कुकीइतकंच महत्त्व त्याला आहे. वीजबिल, बँक, पेपर, सगळं आधीसारखं चाललं.

आपल्याकडे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम आले. संमतीची मुख्य कलमं त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू व्हायची आहेत. संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं हवं, हे त्यातही आहे. शिवाय संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागणार, म्हणजे मराठीतही. बाबांनी रोजच्या साइट्सची यादी वहीत लिहून ठेवली आहे. कलमं लागू झाली की त्या प्रत्येक साइटकडे ते मराठी सूचना मागणार आहेत, आणि मेलचा मसुदा आम्ही दोघांनी मिळून तयार करून ठेवला आहे.